बाळंतिणीचा हिशेब सरकारने मांडावा

उसाची गाडी साखर कारखान्याच्या काट्यावर आली की वजन होते आणि पावती निघते. कुणाचा ऊस, किती टन, कोणती तारीख, सगळे त्या कागदावर असते. हंगामाचा हिशेब त्यावरूनच होतो आणि वाद झाला तर तोच कागद पुढे ठेवता येतो. हा ऊस तोडून, मोळी बांधून, ती डोक्यावर घेऊन गाडीवर चढणारी बाई चार-पाच महिन्यांची गरोदर असेल, तर तिला कायद्याने आणि सरकारी योजनांतून काय मिळायला हवे, किती, कधी आणि कुणाकडून, हे सांगणारा एकही कागद तिच्या हाती पडत नाही. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या कर्जतसारख्या तालुक्यात ही उणीव ठळक दिसते, पण ती साऱ्या राज्याची आहे. मातृत्वाचे हक्क आपल्याकडे कमी नाहीत. ते कायदे, संहिता, शासन निर्णय आणि निरनिराळ्या पोर्टलांवर विखुरलेले आहेत, आणि ते गोळा करून बेरीज करण्याचे काम आपण त्या बाईवरच टाकले आहे. माझे म्हणणे असे की हा हिशेब देणाऱ्याने मांडावा. गरोदरपणाची नोंद होईल त्याच दिवशी, तिच्या नावाचा, रकमा आणि तारखांसह, सही-शिक्क्याचा.

कर्जत तालुक्यात दोन निराळे प्रदेश शेजारी नांदतात. सिद्धटेकच्या बाजूला भीमेच्या काठाने आणि कुकडीच्या कालव्याचे पाणी पोचते तिथे ऊस उभा असतो. उरलेला बराच भाग अवर्षणाचा. या कोरड्या पट्ट्यातून आणि शेजारच्या जामखेडमधून, तसेच पाथर्डीतून दिवाळीच्या सुमारास टोळ्या कोयता घेऊन बाहेर पडतात. याच तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळा आहेत, महाविद्यालय आहे, पतसंस्था आहेत, कर्जत, राशीन, मिरजगावच्या बाजारपेठा आहेत आणि वाढत्या वस्तीची बांधकामे आहेत. म्हणजे मातृत्वाच्या हक्कांचे जवळजवळ सगळे प्रकार एकाच तालुक्यात सापडतात. समजा, चार जणींना एकाच वेळी दिवस गेले. एक जिल्हा परिषदेची शिक्षिका, दुसरी बाजारपेठेतल्या मोठ्या दुकानात रोजावर काम करणारी, तिसरी बांधकाम मजुराची बायको, चौथी ऊसतोडीला जाणारी. चौघींचीही शेवटची पाळी १५ सप्टेंबरची. उपकेंद्रातली सिस्टर त्यावरून बाळंतपणाची संभाव्य तारीख काढते, २२ जून, आणि माता-बाल संरक्षण कार्डावर लिहून देते. ही तारीख ती बाईला काढायला सांगत नाही. पुढचे सगळे हक्क याच तारखेला बांधलेले आहेत, पण त्यांच्यासाठी हा साधा न्याय लावला जात नाही.

शिक्षिकेपासून सुरुवात करू. तिला १८० दिवसांची प्रसूती रजा पूर्ण पगारी आहे. ती अर्ज देते, मुख्याध्यापक तो पुढे पाठवतात, रजेची नोंद सेवापुस्तकात होते आणि पगार ठरल्या वाटेने खात्यावर येतो. तिला गणित करावे लागत नाही, कारण तिच्यासाठी ते करणारी यंत्रणा बसलेली आहे. तिचा हा हक्क कमी व्हावा असे कुणी म्हणू नये. तो बाकीच्यांसाठी नमुना आहे. पण एक गोष्ट इथेच लक्षात ठेवली पाहिजे. जिची मिळकत सर्वांत निश्चित, तिला हिशेब सर्वांत कमी करावा लागतो. जसजसे खाली यावे तसतशी रक्कम घटते आणि हिशेब मात्र अवघड होत जातो.

दुकानात काम करणारीसाठी १९६१ चा प्रसूती लाभ कायदा होता. २०१७ च्या दुरुस्तीने रजा बारा आठवड्यांवरून सव्वीस आठवड्यांवर गेली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली, तिच्यातही या मुख्य तरतुदी कायम आहेत. दहा किंवा अधिक माणसे कामाला असलेल्या दुकानाला हा कायदा लागतो. अपेक्षित बाळंतपणाआधीच्या बारा महिन्यांत ऐंशी दिवस काम झालेले असले की हक्क उभा राहतो. सव्वीसपैकी जास्तीत जास्त आठ आठवडे आधी घेता येतात, म्हणजे आपल्या उदाहरणात रजा २७ एप्रिलला सुरू होऊन २५ ऑक्टोबरपर्यंत जाते. आधीच्या काळाचे पैसे गरोदरपणाचा दाखला दिल्यावर आगाऊ आणि उरलेले, बाळंतपणाचा दाखला दिल्यापासून अठ्ठेचाळीस तासांत द्यायचे असतात. आता रक्कम. तिला रोज ४०० रुपये पडत असतील तर सव्वीस आठवड्यांचे किती? आठवडा सहा कामाच्या दिवसांचा धरला तर १५६ दिवसांचे ६२,४०० रुपये होतात, सात दिवसांचा धरला तर १८२ दिवसांचे ७२,८०० रुपये. फरक १०,४०० रुपयांचा, आणि तो 'आठवडा' या एका शब्दाच्या अर्थावर उभा आहे. याच प्रश्नावर १९७७ मध्ये कोइमतूरच्या एका मळेवाल्याचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि रविवार धरून सातही दिवसांचे पैसे द्यायचे, असा निकाल लागला. ज्या वाक्याचा अर्थ लावायला सर्वोच्च न्यायालयात जावे लागले, तो अर्थ दुकानातल्या मुलीने सातव्या महिन्यात मालकासमोर उभे राहून सांगावा, अशी आपली अपेक्षा आहे. ती रोजावर आहे, कायम नाही, म्हणून तिला हक्क नाही हे उत्तरही तिला ऐकावे लागते. दिल्ली महानगरपालिकेच्या हजेरीपटावरच्या महिलांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००० साली ते खोडून काढले आहे.

रजा संपल्यावरचे हक्क तर त्याहून कमी माहीत आहेत. मूल पंधरा महिन्यांचे होईपर्यंत कामाच्या वेळेत त्याला पाजण्यासाठी दोन जादा सुट्ट्या, पन्नास किंवा अधिक कामगार असतील तिथे पाळणाघर, रजेच्या काळात कामावरून काढण्यास मनाई, मालकाने मोफत वैद्यकीय सोय केली नसेल तर ३,५०० रुपये. गर्भपात झाला तर सहा आठवड्यांची पगारी रजा आहे. हा हक्क फार थोड्या जणी मागतात, कारण दुःखाच्या त्या दिवसांत कायद्याची चौकशी कोण करणार? म्हणूनच २०१७ च्या दुरुस्तीतले एक कलम मला मोलाचे वाटते. कामावर घेताना मालकाने प्रत्येक महिलेला तिचे प्रसूतीविषयक सर्व लाभ लेखी कळवले पाहिजेत, असे ते कलम सांगते. म्हणजे हक्काची माहिती देणे ही देणाऱ्याची जबाबदारी आहे, हे तत्त्व संसदेने मान्य केले आहे. मग जिथे देणारे सरकार स्वतः आहे, तिथे हे तत्त्व का लागू नाही? दुकानदाराने लेखी कळवायचे आणि सरकारने मात्र फलक लावून मोकळे व्हायचे, या भेदाला कोणताही आधार नाही.

तिसरी, बांधकाम मजुराची बायको. तिचा नवरा महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदलेला असेल, तर पहिल्या दोन अपत्यांसाठी नैसर्गिक बाळंतपणाला १५,००० आणि शस्त्रक्रियेच्या बाळंतपणाला २०,००० रुपये मिळतात. हा पैसा बांधकाम खर्चावरच्या एक टक्का उपकरातून येतो. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पहिल्या अपत्यासाठी ५,००० रुपये दोन हप्त्यांत आहेत आणि दुसरे अपत्य मुलगी असेल तर ६,००० रुपये एकरकमी. घरात पिवळी किंवा केशरी शिधापत्रिका असेल आणि मुलगी झाली, तर राज्याच्या लेक लाडकी योजनेत जन्मानंतर ५,००० आणि पुढे टप्प्याटप्प्याने, मुलगी अठरा वर्षांची होईपर्यंत, एकूण १,०१,००० रुपये आहेत. अनुसूचित जाती-जमातीची किंवा दारिद्र्यरेषेखालची असेल तर जननी सुरक्षा योजनेतून ग्रामीण भागात ७०० रुपये. आणि सरकारी दवाखान्यात बाळंतपण, शस्त्रक्रिया, औषधे, तपासण्या, रक्त, जेवण आणि ने-आणीची गाडी २०११ पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली मोफत आहे. पहिली मुलगी नैसर्गिक बाळंतपणाने झाली तर नुसती बेरीज पंचवीस हजारांवर जाते. पण मंडळाचा अर्ज कामगार कार्यालयाच्या वाटेने, मातृवंदना आरोग्य आणि अंगणवाडीच्या वाटेने, लेक लाडकी महिला व बालविकासच्या वाटेने. नव्वद दिवस काम केल्याचा दाखला वेगळा, नोंदणीचे नूतनीकरण वेगळे. शिवाय मातृवंदना ज्या अन्न सुरक्षा कायद्याखाली येते, तो म्हणतो की तसाच लाभ दुसऱ्या कायद्याखाली मिळत असेल तर इथला लाभ नाही. 'तसाच' म्हणजे कोणता? कोणते दोन लाभ एकत्र चालतात आणि कोणता घेतल्यावर कोणता सोडावा लागतो, याचे उत्तर गावातल्या चर्चेवर सोडणे हा त्या बाईवर अन्याय आहे. ते तिच्या नावाने, लेखी यायला हवे.

यात आपल्या रीतिरिवाजांची भर पडते. पहिले बाळंतपण माहेरी करण्याची रीत अजून पक्की आहे. सातव्या महिन्यात ओटी भरून मुलगी माहेरी जाते. नोंदणी कर्जतला, बाळंतपण करमाळ्याला किंवा श्रीगोंद्याला, जन्माचा दाखला तिथला आणि लसीकरणाची सुरुवातही तिथेच. मातृवंदनेचा दुसरा हप्ता जन्मनोंद आणि साडेतीन महिन्यांपर्यंतच्या लसी पूर्ण झाल्यावर मिळतो, म्हणजे आपल्या उदाहरणात २८ सप्टेंबरच्या सुमारास. तोवर ती सासरी परतलेली असते आणि कागद दोन तालुक्यांत वाटले गेलेले असतात. आधारवर माहेरचे नाव, बँकेत सासरचे, शिधापत्रिकेत अजून नावच चढलेले नाही, हे घरोघरचे चित्र आहे. पैसे आधार जोडलेल्या खात्यातच जमा होणार असतील तर नावाची दुरुस्ती तिसऱ्या महिन्यातच सुचवली पाहिजे. बाळ मांडीवर आल्यावर आधार केंद्राच्या रांगेत उभे राहायला सांगणे म्हणजे हक्क नाकारण्याचाच एक सभ्य प्रकार आहे.

चौथीपाशी येताच सगळे गणित कोसळते. ऊसतोडीत 'कोयता' म्हणजे नवरा-बायकोची जोडी. उचल नवऱ्याच्या नावावर, व्यवहार मुकादमाशी, मजुरी टनावर आणि दोघांची मिळून. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ झाली, तीही टनामागे. त्यामुळे तिची सरासरी रोजची मजुरी किती, असा प्रश्न कायद्याने विचारला तर उत्तरच नाही. कोणत्याही हजेरीपटावर तिचे नाव नाही आणि ऐंशी दिवसांची मोजणी करायला नोंदच नाही. उरते मातृवंदना. पहिल्या हप्त्याच्या ३,००० रुपयांसाठी शेवटच्या पाळीपासून सहा महिन्यांच्या आत नोंदणी आणि निदान एक तपासणी व्हायला हवी. १५ सप्टेंबरची पाळी म्हणजे ही मुदत १५ मार्चला संपते. ऑक्टोबरच्या मध्यावर पाळी चुकते, थोड्याच दिवसांत टोळी निघते आणि १५ मार्चला ती बहुधा अजून फडातच असते. फडाजवळच्या उपकेंद्रात नाव नोंदवता येते, पण त्यासाठी एक दिवस काम बुडते आणि काम बुडाले की खाडा कापला जातो. मोफत तपासणीसाठी तिला पदरचे पैसे मोजावे लागतात. ऊसतोड बायकांच्या शरीरावर खाड्याची ही भीती कुठवर गेली, ते बीड जिल्ह्याने दाखवले. गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये ऐरणीवर आला, तेव्हा नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. त्या जिल्ह्यात ८२ हजारांहून अधिक ऊसतोड महिलांच्या पाहणीत तेरा हजारांवर बायकांचे गर्भाशय काढल्याचे आढळले. विश्रांतीचा एक दिवस परवडत नाही अशा जगात सव्वीस आठवड्यांचा कायदा कितीही चांगला असला तरी तो दूरचाच राहतो.

हा प्रश्न नवा नाही आणि त्याची उत्तरे आपल्याच मातीत दिली गेली आहेत. १९१९ मध्ये वॉशिंग्टनला आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेने बारा आठवड्यांच्या प्रसूती रजेचा करार केला, तेव्हा भारतीय कामगारांचे प्रतिनिधी म्हणून नारायण मल्हार जोशी तिथे होते. १९२४ मध्ये त्यांनी केंद्रीय विधिमंडळात प्रसूती लाभाचे विधेयक मांडले. ते फेटाळले गेले. २८ जुलै १९२८ रोजी मुंबई विधिमंडळात अशाच विधेयकावर बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी भूमिका घेतली की बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, आणि म्हणून त्याचा भार मोठ्या प्रमाणात सरकारने उचलायला हवा. पण सरकार तो उचलत नाही म्हणून मालकाची जबाबदारी सुटत नाही. पुढच्याच वर्षी मुंबई प्रांताने कायदा केला आणि तो देशातला असा पहिला कायदा ठरला. शंभर वर्षे होत आली. मालकाच्या जबाबदारीची भाषा आपण शिकलो. राष्ट्राच्या हिताचा अर्धा भाग मात्र अजून अपुराच राहिला आहे.

तो किती अपुरा आहे, हे रोजगार हमीच्या मजुरीने मोजता येते, आणि रोजगार हमीची कल्पना महाराष्ट्रानेच देशाला दिली. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने सरकारी नोकरीत नसलेल्या आणि तसाच दुसरा लाभ न मिळणाऱ्या प्रत्येक गरोदर आणि स्तनदा मातेला किमान ६,००० रुपयांचा हक्क दिला. त्या वर्षी महाराष्ट्रात रोजगार हमीचा दर १६२ रुपये होता, म्हणजे ती रक्कम ३७ दिवसांच्या मजुरीएवढी होती. २०२५-२६ मध्ये हा दर ३१२ रुपये होता. मातृवंदनेचे पहिल्या अपत्याचे ५,००० रुपये त्या दराने सोळा दिवसांची मजुरी भरतात. याच दराने सव्वीस आठवड्यांचे १८२ दिवस धरले तर रक्कम ५६,७८४ रुपये होते. संघटित क्षेत्रातल्या आईला विश्रांतीचे १८२ दिवस आणि मजूर आईला सोळा, एवढी ही दरी आहे. तामिळनाडू डॉ. मुथुलक्ष्मी रेड्डी यांच्या नावाच्या योजनेतून गरीब गरोदर मातेला पोषण साहित्यासह १८,००० रुपये देते. महाराष्ट्राने स्वतःची भर घालून निदान तिथपर्यंत जावे ही मागणी रास्त आहे. पण रक्कम वाढेपर्यंत थांबण्याची गरज नाही, कारण जी आहे ती पोचवण्यातच मोठा पल्ला बाकी आहे.

म्हणून प्रस्ताव अगदी साधा आहे. उपकेंद्रात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात गरोदरपणाची नोंद झाली की एक पानाचे मातृत्व हक्कपत्रक छापून द्यावे. त्यावर तिला लागू असलेला प्रत्येक लाभ, रक्कम, ज्या तारखेपर्यंत जी अट पुरी करायची ती तारीख, लागणारे कागद आणि जबाबदार अधिकाऱ्याचे पद असावे. लागू नसलेला लाभ का नाही, तेही एका ओळीत असावे, म्हणजे तिला हरकत घेता येईल. बाप नोकरीत असेल तर त्याच्या बाजूचेही लिहावे: मंडळाची नोंदणी आहे का, ती कधी संपते, रजा आहे का. केंद्र सरकारच्या पुरुष कर्मचाऱ्यांना पंधरा दिवसांची पितृत्व रजा आहे. हिंगोलीचे तेव्हाचे खासदार राजीव सातव यांनी ती सर्वांना मिळावी म्हणून २०१७ मध्ये खासगी विधेयक मांडले होते, पण कायदा झाला नाही. बाळंतपणाचा हिशेब दोघांचा आहे, एवढे तरी त्या पानावर दिसेल. २०१५ चा महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम आपल्याकडे आहेच. हे हक्कपत्रक त्याखालची अधिसूचित सेवा केली, तर मुदत ठरेल, अधिकारी ठरेल आणि विलंब झाल्यास दंडही होईल. आणि ज्यांच्या कामावर घरचे पोट आहे त्या ऊसतोड बायकांसाठी गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळाकडे टनामागे दहा रुपये कारखान्यांचे ठरलेले आहेत. दहा कोटी टनांचा हंगाम धरला तर एकट्या कारखान्यांच्या वाट्याचे शंभर कोटी होतात; बांधकाम मंडळाप्रमाणे वीस हजार रुपये दिले तर त्यात पन्नास हजार बाळंतपणे बसतात. टोळी निघण्यापूर्वी कोयत्यातल्या बाईची स्वतंत्र नोंद आणि ओळखपत्र ही त्याची पहिली पायरी.

यावर पहिला आक्षेप येईल की पैसे आता थेट खात्यात जातात, दलाल संपले, मग आणखी कागद कशाला? थेट जमा होणे ही प्रवासाची शेवटची पायरी आहे. ज्या लाभासाठी अर्जच केला नाही, ज्याची मुदत कळलीच नाही, तो खात्यात कसा येईल? आणि दलाल संपत नाहीत, कारण ते पैशांवर जगत नाहीत, अज्ञानावर जगतात. अर्ज भरून देतो, निम्मे माझे, असे सांगणाऱ्याचा धंदा बंद करायचा असेल, तर बाईच्या हातात आधीच छापील आकडा असला पाहिजे. पूर्ण रक्कम माहीत असलेल्या माणसाला अर्ध्यात गुंडाळता येत नाही. गैरव्यवहाराची भीती घालणाऱ्यांनाही हेच उत्तर आहे: दोन ठिकाणी लाभ घेतला जातो का, हे तपासायला सगळे लाभ एका पानावर दिसणे हाच सर्वांत स्वस्त उपाय आहे.

दुसरा आक्षेप अधिक खरा आहे. आशाताई आणि अंगणवाडीताईंवर आधीच कामाचा डोंगर आहे. गर्भवतींच्या याद्या, लसीकरण, पाहण्या, ऑनलाइन भरणे, आणि मोबदला कामागणिक तुटपुंजा. त्यांच्यावर वकिलीचेही काम टाकायचे का? टाकू नये. गणित संगणकाने करावे. पाळीची तारीख, शिधापत्रिकेचा रंग, बांधकाम मंडळाची नोंद, कितवे अपत्य, ही सगळी माहिती सरकारच्याच निरनिराळ्या खात्यांत पडून आहे. आशाताईंनी पान वाचून समजावून द्यावे आणि त्या वेळेचा त्यांना वेगळा मोबदला मिळावा. हे अशक्य नाही, हे राज्याने स्वतः सिद्ध केले आहे. २०२४ मध्ये माझी लाडकी बहीण योजना आली तेव्हा अंगणवाडी सेविकांना अर्जामागे पन्नास रुपये देऊन घरोघरचे अर्ज भरून घेतले गेले आणि काही महिन्यांत दोन कोटींहून अधिक बायकांच्या खात्यात पैसे पोचले. २०२१ मध्ये गांधी जयंतीपासून डिजिटल सातबारा शेतकऱ्यांच्या घरी मोफत देण्याची मोहीम याच राज्याने काढली. जमिनीचा उतारा घरपोच देता येतो, तर पोटातल्या लेकराच्या हक्काचा उताराही देता येईल. प्रश्न क्षमतेचा नाही, प्राधान्याचा आहे.

तिसरा आक्षेप छोट्या मालकांचा. बारा माणसांचे दुकान चालवणाऱ्याला एका बाईचे सव्वीस आठवड्यांचे पैसे देऊन वर बदली माणूस ठेवावा लागतो. हक्क ठळक लिहून दिले तर तो लग्नाच्या वयाच्या मुलीला कामावरच घेणार नाही. ही भीती काल्पनिक नाही आणि ती झटकून टाकणे अप्रामाणिक ठरेल. पण तिचे उत्तर माहिती लपवण्यात नाही, भार वाटून घेण्यात आहे. कामगार राज्य विमा योजनेत मालक आणि कामगार दोघे दरमहा थोडे भरतात आणि बाळंतपणाचे पैसे विमा महामंडळ देते. एका मालकावर एकदम बोजा येत नाही. २०१८ मध्ये केंद्रीय कामगार मंत्रालयाने पंधरा हजारांपर्यंत वेतन असलेल्या महिलांच्या रजेतले सात आठवड्यांचे वेतन मालकांना परत देण्याचा विचार मांडला होता. तो विचार पुन्हा हाती घ्यावा आणि छोट्या आस्थापनांसाठी तो अधिक उदार करावा. बाबासाहेबांनी १९२८ मध्ये सरकारच्या वाट्याची जी गोष्ट सांगितली, ती छोट्या मालकाच्याही बाजूची आहे. मूल समाजाचे असेल तर त्याच्या जन्माचा खर्च एका दुकानदाराच्या गल्ल्यातून निघावा हे न्यायाचे नाही, आणि तो एका मजूर बाईच्या अंगातून निघावा हे तर मुळीच नाही.

दर वर्षी दिवाळीच्या तोंडावर टोळ्या निघतात, त्याच्या आधीचे दोन-तीन आठवडे कर्जतच्या गावागावांत सर्वांत मोलाचे आहेत. त्या दिवसांत प्रत्येक वस्तीवर आरोग्य आणि महिला-बालविकास खात्याची माणसे एकत्र गेली, पाळी चुकलेल्या प्रत्येकीची तपासणी तिथेच झाली, नाव-खात्याची दुरुस्ती तिथेच झाली आणि एका पानावर तिच्या तारखा लिहून दिल्या, तर १५ मार्च ती फडात असली तरी तिच्या हातून जाणार नाही. जिथे ती जाईल तिथल्या उपकेंद्राने ते पान ओळखावे, एवढीच पुढची गरज. हे काम एका तालुक्यात सुरू व्हायला राज्याच्या नव्या कायद्याची वाट पाहावी लागत नाही. तालुका आरोग्य अधिकारी, गटविकास अधिकारी आणि बालविकास प्रकल्प अधिकारी यांनी एका टेबलाशी बसून ठरवले तरी पुरे. सिस्टर आजही कार्डावर एक तारीख काढून देते आणि ती सहसा चुकत नाही. त्याच कार्डाच्या मागच्या पानावर उरलेल्या तारखा आणि रकमा लिहून दिल्या, तर काट्यावरच्या पावतीइतका पक्का कागद त्या बाईच्याही हाती असेल, आणि तो दाखवून तिला आपले हक्काचे मागता येईल.